बोलतं अन्न

पुंडलिकभाऊंचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलं, की ते मान हलवून "नाही" म्हणायचे. समोरच्यानं अगदी बरोबर ओळखलेलं असलं तरी.

शेलूबाजारला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं सायकलचं दुकान होतं. चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, आत पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या दोन-तीन सायकली. घाईतला कुणी गिऱ्हाईक विचारायचा, "काय झालं वो चाकाले?" पुंडलिकभाऊ सुरू करायचे, "ट्यू... ट्यू... ट्यू..."

"ट्यूब फाटली काय?"

मान हलायची. नाही.

"मंग? वाल्व गेला?"

पुन्हा नाही. गिऱ्हाईक हात टेकायचा, गप्प उभा राहायचा. मग पुंडलिकभाऊ पान्हा खाली ठेवून, घाम पुसून सांगायचे, "ट्यू-ट्यूब फाटली."

मी तेव्हा तिथल्या शाळेवर नवी लागले होते. आमच्या बौद्ध वस्तीत माझी खोली आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. मला या माणसाचा सुरुवातीला फार राग यायचा. मास्तरणीला उत्तर चटकन लागतं. मी एकदा त्यांच्या बायकोला, गयाबाईला, म्हटलंसुद्धा, "अहो, बरोबर सांगितलं तरी नाही काय म्हणतात हे?" गयाबाई चुलीपुढून म्हणाली, "त्याइच्या तोंडातला घास काढून घेतल्यावानी वाटते त्याइले. तुमी नका घेऊ." तेव्हापासून मी घेतला नाही.

गयाबाईच्या बोलण्यात घास आला तो उगाच नव्हे. त्या घरात बोलणं आणि खाणं एकाच ताटात वाढलं जायचं. पुंडलिकभाऊंनी जगातल्या सगळ्या अन्नाचे दोन भाग केले होते. एक बोलतं अन्न आणि एक मुकं अन्न. ज्वारीची भाकर बोलती. भाजलेले शेंगदाणे बोलते, गूळ बोलता, हिरव्या मिरचीचा ठेचा बोलता, पण बोटभरच. भात मुका. दही मुकं, केळं मुकं, उडदाची दाळ तर ठार मुकी. जे जे चिकट ते ते जिभेला धरून ठेवतं, असा साधारण नियम होता. वांगं मुकं नव्हतं, ते खुनशी होतं. खाल्लं त्या दिवशी काही करत नाही, दुसऱ्या दिवशी नेमकं लोकांसमोर गाठतं. आणि चहा लबाड. पहिली दोन वाक्यं सरळ जाऊ देतो आणि तिसऱ्याला पाय घालतो.

गयाबाई रोज सकाळी विचारायची, "आज बोलाचं हाये काय?" बाजाराचा दिवस असला, कुणाच्या घरी सोयरीक असली, तलाठ्याकडे काम असलं, की उत्तर "हो" असायचं आणि त्या दिवशी घरात भाताचं नाव निघत नसे. बोलायचं नसलं तर मात्र भाऊ दहीभात पोटभर खायचे. मुका का असेना, आवडायचा त्यांना. ज्या दिवशी भिंतीपलीकडून दह्याची रवी ऐकू यायची, त्या दिवशी मी समजायचे की आज भाऊ कुणाला भेटणार नाहीत.

हे वेड त्यांचं एकट्याचं नव्हतं, आईनं लावलेलं होतं. लहानपणी जीभ अडते म्हणून तिनं वेखंड उगाळून चाटवलं, अक्कलकारा चघळायला लावला. कुणीतरी सांगितलं, पोपटानं उष्टावलेला पेरू पोराला घाला, पोपटासारखा बोलेल. ती माउली मग गावातल्या पेरूच्या झाडाखाली पदर पसरून बसायची. "प-पोपटं लय खाल्ले," भाऊ सांगायचे, "म-म-म्हंजे त्याइचे पेरू." आणि स्वतःच हसायचे. हसताना मात्र ते कधी अडखळले नाहीत.

त्यांच्या शास्त्राचा पाया लग्नात घातला गेला होता. लग्नाआधी ते धास्तावून गेले होते. सगळ्यांसमोर त्रिशरण-पंचशील म्हणायचं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून त्यांनी ज्वारीच्या भाकरीशिवाय तोंडात काही घातलं नाही, आणि मांडवात उभं राहून सगळ्यांबरोबर वंदना म्हटली ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न अडता. गयाबाई सांगायची, "मले तं कोनी सांगतलंच नोतं. मले वाटलं मानूस कमी बोलते, भारदस्त असंन. चवथ्या दिवशी समजलं."

आता कुणाच्याही लक्षात येईल की ते सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून म्हणत होते म्हणून जीभ अडली नाही. एकटे असतानाही अडत नसे. सकाळी दुकान उघडून ते चाक उलटं टांगून फिरवत आणि चाकाशी बोलत. मी शाळेत जाताना कितीदा ऐकलंय, स्वच्छ, सलग. मी पुढं गेले की बोलणं बंद. पण भाऊंनी श्रेय दिलं भाकरीला. चुकीचं होतं, पण त्या माणसाला काहीतरी हातात धरायला हवं होतं, आणि भाकर हातात धरता येते.

एकदा आरोग्य केंद्रातले तरुण डॉक्टर सायकल घेऊन आले, तेव्हा मीच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "असं अमुक खाल्लं की जीभ सुटते, असं मी तरी शिकलो नाही. पण माणूस उपाशी असेल, झोप झाली नसेल, जिवाला घोर असेल, तर जास्त अडखळतो. वेळेवर पोटभर जेवा आणि झोपा." सल्ला सोन्यासारखा होता. डॉक्टर गेल्यावर भाऊ म्हणाले, "त्याले क-काय मालूम? थो तं भा-भात खाते."

मग बहात्तरचं साल आलं आणि कोरडं गेलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोकांच्या कणग्या तळाला लागल्या. रेशनवर लाल मिलो आली. परदेशातली ज्वारी म्हणायचे, पण तिला ज्वारी म्हणणं म्हणजे ज्वारीचा अपमान. थापली की चिरायची, खाल्ली की पोटात दगड. सगळा गाव तीच खात होता, खडी फोडायच्या कामावर जात होता, तिथं खायला मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणत होता. पुंडलिकभाऊंनी मिलोचा पहिला घास चावला आणि निकाल दिला, "मु-मु-मुक्यातली मुकी." त्या वर्षी त्यांची जीभ खरंच फार अडायला लागली. पूर्वी शब्द अडायचा, आता श्वासच अडायचा. मानेची शीर तट्ट फुगायची आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला गुदमरायला व्हायचं.

आणि नेमकं त्याच वर्षी त्यांना बोलायची पाळी आली.

चैत्रातल्या एका दुपारी हमरस्त्यावर, त्यांच्या दुकानासमोरच, पाण्याचा टँकर थांबला. गाव धावलं. आधी पाणी कुणाला यावरून आमच्या वस्तीतला सुखदेव आणि पाटलांचा एक गडी यांची जुंपली. सुखदेव म्हणजे कौसाबाईचा एकुलता एक मुलगा, मिसरूड फुटलेला, तोंडानं तिखट. शब्दानं शब्द वाढला. गडी नळी ओढायला टँकरच्या मागच्या शिडीवर चढला, ओल्या लोखंडावरून त्याचा पाय सटकला आणि तो डोक्यावर आपटला, थेट खालच्या लोखंडी पट्टीवर. रक्ताचं थारोळं झालं. अर्ध्या तासात गावात बातमी झाली की सुखदेवनं दगड घातला. संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. गडी वाचला, पण शुद्धीवर आल्यावर त्यालाही काही आठवेना, आणि त्याच्या बाजूचे चार जण दगड पाहिला म्हणून सांगायला तयार झाले.

आमच्या वस्तीतले लोक हंडे-घागरी घेऊन गर्दीत घुसलेले, प्रत्येकाचं लक्ष नळीच्या तोंडाकडे. पाय सटकताना पाहणारा माणूस एकच होता. तो रस्त्यापलीकडे पंक्चर काढत बसला होता.

वाशीमला कोर्ट. सुखदेवचे वकील म्हातारे, भले गृहस्थ. त्यांनी साक्षीदाराला काय पाहिलं ते विचारलं. भाऊंनी सुरुवात केली. बऱ्याच वेळानं वकिलांनी डोळे मिटले आणि आम्हाला विचारलं, "दुसरा कोणी नाही का हो?"

दुसरा कोणी नव्हता.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी गयाबाईनं ज्वारी दळली. चांगली पांढरी, टपोरी ज्वारी. मला आश्चर्य वाटलं. पण कुणाच्या घरात काय दडलेलं आहे हे दुष्काळात विचारू नये. भाऊंनी सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, गूळ खाल्ला, आणि आम्ही एसटीनं वाशीमला गेलो. गयाबाईच्या सोबतीला मी, कारण कोर्टात वाचता येणारं कुणीतरी हवं. कोर्टाच्या आवारात निंबाखाली दिवसभर बसलो. न्यायाधीश साहेब रजेवर. तारीख पुढं.

परतीच्या एसटीत भाऊ खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. गयाबाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "भाकर वाया चालली म्हून खिडकीलेच साक्ष देऊन राह्यले."

दुसऱ्या तारखेला पुन्हा ज्वारी. त्या दिवशी त्या चौघांच्या साक्षी झाल्या. चौघांनी दगड पाहिला. एकानं तर दगडाचा आकारही हातानं दाखवला. त्यांचं बोलणं कसं लोण्यासारखं होतं! आमची पाळी येईतो संध्याकाळ झाली. तिसऱ्या तारखेला पुन्हा ज्वारी, आणि सरकारी वकिलांचे कागद आले नव्हते. कौसाबाई प्रत्येक वेळी यायची, पोराला लांबून बघायची आणि संध्याकाळी पुंडलिकभाऊंच्या पायाशी बसून एवढंच म्हणायची, "भाऊ, पोट भरलं ना रे तुह्यं?" मला तेव्हा ते नुसतं मायेचं बोलणं वाटायचं.

चौथ्या तारखेच्या सकाळी मी तयार होऊन त्यांच्या घरी गेले. गाडीला वेळ होता. भाऊ जेवायला बसले होते, कौसाबाई उंबऱ्याशी. भाऊंनी घास मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

"क... क... कडू."

"धूर लागला असंन," गयाबाई मागं न बघता म्हणाली.

त्यांनी मान हलवली. नाही. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक घासाची पारख केली, त्याला धुराची चव ओळखता येत नाही होय? ते उठले. कोपऱ्यात फडक्यात बांधलेली ज्वारी होती, थोडीच उरलेली. त्यांनी गाठ सोडली, हात घातला आणि मूठ उजेडात धरली. दाण्यांना राख लागलेली होती, आणि दाण्यांत कडुनिंबाचा वाळका पाला होता, चुरा झालेला.

खायच्या ज्वारीत कुणी राख आणि निंब घालत नाही. ते बियाण्यात घालतात, कीड लागू नये म्हणून. गयाबाईनं आतापर्यंत धुऊन, पाखडून घेतलं होतं. या खेपेला कौसाबाईच्या गाडग्याच्या तळचं आलं होतं.

भाऊ कौसाबाईकडे वळले. "बि... बि... बियाची?"

कौसाबाई उठून उभी राहिली. "व्हय, बियाची. मंग? तुह्यी जीभ तिच्यावर चालते ना? पोट्टा सुटला तं पेरू पुढल्या साली, कुटून तरी आनू. पोट्टा नाई सुटला तं कोनासाठी पेरू? तू खाय."

मला वाटलं, ते खातील. खायलाच हवं होतं. एवढ्या बाईचा एवढा विश्वास, आणि पुढं कोर्ट. त्या क्षणी मीसुद्धा, चार बुकं शिकलेली मी, मनातून म्हणत होते, खा, भाऊ, खा.

त्यांनी मूठ परत फडक्यात सोडली, एक दाणा खाली पडला तोही वेचून टाकला, गाठ बांधली आणि फडकं कौसाबाईच्या हातात दिलं.

"पे... पेरा."

मग ते ताटावर बसले आणि गयाबाईला म्हणाले, "मि-मिलोची दे." गयाबाईनं रात्रीची लाल भाकर पुढं ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली.

कोर्टात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा गयाबाईनं माझं मनगट धरलं. शिपायानं शपथ वाचली, भाऊ त्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच्यासोबतच म्हणत गेले. एकदाही अडले नाहीत. सरकारी वकिलांनी चमकून वर पाहिलं. गयाबाईची पकड जरा सैल झाली.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

ओठ मिटले आणि मिटलेच राहिले. शीर फुगली, डोळे बंद झाले. पंख्याचा आवाज येत होता. मागं कुणीतरी फसकन हसलं. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, याला स्वतःचं नाव आठवेना. त्या दिवशीचं काय आठवणार?"

आमच्या वकिलांनी घाईनं सांगितलं, "पुंडलिक, साहेब."

साहेबांनी विचारलं, "पुंडलिक का?"

आणि भाऊंनी मान हलवली. नाही.

गयाबाई "अगं माय" म्हणाली ते सगळ्या कोर्टाला ऐकू गेलं. साक्षीदार स्वतःचं नाव नाकारत होता! आमच्या वकिलांनी हातातले कागद टेबलावर ठेवून दिले. सुखदेव पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता.

"मग तुम्ही कोण?" साहेबांचा आवाज चढला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला तो वेळ अजून संपल्यासारखा वाटत नाही.

"पुं... पुं... पुंडलिक."

साहेबांनी टाक खाली ठेवला. पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "लिहिता येतं? लिहून द्यायचं असेल तर देता येईल."

लिहिता येत होतं त्यांना, चौथी शिकले होते. आमचे वकील जोरजोरात मान डोलवायला लागले. सुटकेची वाट समोर होती. भाऊंनी कठडा धरला.

"म-म-मले बोलता येते, साहेब. टा... टाईम लागते."

साहेब म्हणाले, "लागू द्या."

मग ते बोलले. टँकर कुठं उभा होता, शिडी कुठल्या बाजूला, पाय कुठला सटकला, डोकं कशावर आदळलं. प्रत्येक शब्दाशी कुस्ती. कपाळावरचा घाम हनुवटीवरून गळत होता. साहेबांनी एकदाही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. ते थांबायचे, शब्द पुरा व्हायचा, मग कारकुनाला सांगायचे. कारकून लिहीत होता ते मला बाकावरून दिसत होतं. कागदावर सगळं सरळ उतरत होतं, एकही अक्षर अडखळलेलं नव्हतं.

उलटतपासणीला सरकारी वकील उठले ते हसतच. "काय हो, आधीचे चार साक्षीदार घडाघडा बोलले. तुम्हीच असे अडखळता. खोटं बोलताना अडखळायला होतं, नाही का?"

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते पेरूची गोष्ट सांगतानाचं हसू आलं.

"साहेब, ल-ल-लबाड बोलाचं असतं तं... म्या... आ-आखूड सांगतलं असतं."

साहेबांनीच मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. सरकारी वकिलांनी आणखी थोडं विचारलं, पण त्यांच्या आवाजातला रंग उडाला होता. गडी वर चढला होता हे त्या चौघांनी सांगितलंच नव्हतं, आणि शिडीखालच्या पट्टीवरचं रक्त पोलिसांच्या पंचनाम्यात होतं.

पुढच्या तारखेला सुखदेव सुटला. पेरणीच्या आधी घरी आला. फडक्यातल्या उरलेल्या ज्वारीत कौसाबाईच्या शेताची एक लहानशी पट्टी तेवढी झाली. बाकीच्या रानात काय टाकलं ते आता आठवत नाही.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. जायच्या दिवशी मी पेटी घेऊन भाऊंच्या दुकानाशी एसटीची वाट पाहत उभी होते. भाऊ जेवायला बसले होते. डब्यात दहीभात होता आणि वांग्याची भाजी. मी डोळे वटारले.

"आज बोलायचं नाही वाटतं?"

"बो-बोलाचं हाये," ते म्हणाले. समोर एक गिऱ्हाईक सायकल धरून उभा होता, निवांत. गावाला आता थांबायची सवय झाली होती.

तेवढ्यात रस्ता ओलांडून कौसाबाई आली, मागं सुखदेव. तिनं पदराखालून भाकर काढली. पांढरीशुभ्र, अजून वाफ निघणारी. त्या पट्टीतली नवी ज्वारी. पहिली भाकर. ती दोन्ही हातांनी पुढं धरून कौसाबाई उभी राहिली.

भाऊंनी दहीभात बाजूला सारला, हात धुतले. एक तुकडा मोडला आणि चावायला लागले. डोळे मिटून, सावकाश, प्रत्येक घासाची पारख करायचे तसे. माझी गाडी वळणावर दिसायला लागली होती. सुखदेवला राहवलं नाही.

"कशी हाये, भाऊ? गोड हाये ना?"

पुंडलिकभाऊंनी मान हलवली. नाही.

आम्ही सगळे थांबलो. गिऱ्हाईकही थांबला. गाडी येऊन उभी राहिली, वाहकानं घंटी मारली, तरी मी पाय उचलला नाही.

"क... क..." त्यांची शीर फुगली, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. कौसाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"क... कडू नाई लागत."